रशियाची बाजू, रशियाच्या तोंडून



न्यायदानाचा एक जुना दंडक आहे. पंच म्हणून बसलेल्या मनुष्यानें वादीचें म्हणणें ऐकावें, प्रतिवादीचेंहि ऐकावें आणि मग निवाडा द्यावा. आपले शास्त्रकार याच्याहि पुढें गेले. ज्याचें मत खोडून काढावयाचें, त्याचें म्हणणें आधीं नीट व पूर्णपणें मांडून दाखवावें, असा त्यांचा परिपाठ होता. त्यालाच ते पूर्वपक्ष म्हणत. परदेशांच्या बाबतींत मात्र हा दंडक आपण सहसा पाळीत नाहीं. रशियासंबंधीं आपलीं मतें ठाम असतात. पण तीं ज्या बातम्यांवर उभीं असतात त्या बहुधा लंडन अथवा न्यूयॉर्क येथून आलेल्या असतात, किंवा कोणीतरी मोबाइलवर पुढें ढकललेल्या असतात. रशियन मनुष्य स्वतः काय म्हणतो हें यवतमाळसारख्या ठिकाणीं बसून कोठें व कसें ऐकावें, आणि ऐकल्यावर त्यांतलें घ्यावें किती, हा माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे.

यवतमाळला रशियाशीं काय कर्तव्य, असें कोणी विचारील. आपल्या शेतांत पडणारें पोटॅश खत भारतांत व्यापारी प्रमाणावर निघत नाहीं. तें रशिया, बेलारूस, कॅनडा अशा देशांतून बोटीनें येतें. फेब्रुवारी २०२२ मध्यें रशियानें युक्रेनवर सैन्य घातलें, तेव्हां आपल्या स्वयंपाकघरांतील सूर्यफुलाचें तेल एकाएकीं महागलें. कारण तें मुख्यतः याच दोन देशांतून येत असे. पुढें २०२३ व २०२४ या सालीं भारताला सर्वांत अधिक कच्चें तेल पुरविणारा देश रशियाच होता. आणि या सर्वांपेक्षां जवळची गोष्ट म्हणजे, विदर्भांतील कित्येक घरांतलीं मुलें डॉक्टरीच्या शिक्षणासाठीं रशियांत गेलेलीं आहेत. त्यांच्या आईबापांना तिकडील बातमी खरी हवी असते, आणि ती वेळेवर हवी असते.

महाराष्ट्राचें रशियाविषयींचें हें कुतूहल नवें नाहीं. १९०८ सालीं लोकमान्य टिळकांना शिक्षा झाली आणि मुंबईच्या गिरणीकामगारांनीं संप केला, त्याची दखल लेनिननें घेतली होती. ती त्यानें घेतली कोठें? जिनिव्हा येथें, परदेशांत निघणाऱ्या 'प्रोलेतारी' या रशियन पत्रांत. पुढें जानेवारी १९१८ मध्यें, क्रांति होऊन तीन महिनेहि झाले नव्हते तोंच, 'केसरी'नें लेनिनवर लेख लिहिला. त्या काळीं रशियाची बहुतेक वार्ता आपल्याकडे इंग्रजांच्या तारेनें येई. ती तशीच न गिळतां तिच्यापलीकडे पाहण्याचा तो यत्न होता. १९४३ सालीं अण्णा भाऊ साठे यांनीं स्टालिनग्राडचा पवाडा रचला, तेव्हां त्यांनीं तो देश पाहिलेला नव्हता. १९६१ सालीं ते तेथें प्रत्यक्ष गेले आणि परत येऊन 'माझा रशियाचा प्रवास' हें पुस्तक लिहिलें. सप्टेंबर २०२२ मध्यें मॉस्कोंतील परदेशी वाङ्मयाच्या सरकारी ग्रंथालयांत त्यांचा पुतळा उभारला गेला.

माझ्या वयाच्या मंडळींना आणखी एक गोष्ट आठवत असेल. सोव्हिएत रशियाची गुळगुळीत कागदाची सचित्र मासिकें आपल्या गांवीं टपालानें अत्यल्प वर्गणींत येत असत, आणि वाचून झालीं कीं त्यांचीं पानें शाळेच्या पुस्तकांना वेष्टण म्हणून चढत. प्रगति प्रकाशन व रादुगा या मॉस्कोच्या संस्था मराठींत पुस्तकें छापीत. मुंबईच्या लोकवाङ्मय गृहामार्फत तीं गांवोगांव पोंचत. मॉस्को नभोवाणी लघुलहरींवरून मराठींतहि ध्वनिक्षेपण करी. म्हणजे रशियाची बाजू त्या वेळीं आपल्या घरीं चालत येत होती, आणि तीहि आपल्या भाषेंत.

परंतु तो आवाज एकच होता, आणि एका आवाजाची उणीव कोठें दिसते तें १९८६ सालीं दिसलें. २६ एप्रिलच्या पहाटे चेर्नोबिलच्या अणुवीजकेंद्रांत स्फोट झाला. २८ तारखेस सकाळीं दूर स्वीडनमधील फोर्समार्क येथें हवेंतून आलेला किरणोत्सर्ग आढळला, आणि स्वीडननें विचारणा केली. त्या रात्रीं कुठें मॉस्कोनें चार-पांच वाक्यांची त्रोटक वार्ता दिली. त्या वार्तेंत खोटें असें फारसें नव्हतें. जें सांगावयास हवें होतें तेंच नव्हतें. सरकारी मुखपत्र वाचतांना हा भेद ध्यानांत ठेवणें अवश्य आहे. असत्य पुष्कळदां उघडें पडतें. मौन मात्र आपणांस शोधून काढावें लागतें.

आतां आजच्या परिस्थितीकडे वळूं. १९९१ सालीं सोव्हिएत राज्य संपलें. मॉस्को नभोवाणीची मराठी वाणी कधींच बंद पडली. तिच्या जागीं आलेल्या 'व्हॉइस ऑफ रशिया'चें काम २०१४ सालीं 'स्पुटनिक' या संस्थेकडे गेलें. मराठींत आज रशियाचा स्वतःचा आवाज नाहीं, पण इंग्रजींत व हिंदींत आहे. हीं साधनें मीं दोन गटांत विभागून सांगतों.

पहिला गट सरकारी. त्यांत सर्वांत जुनी वृत्तसंस्था 'तास'. तिची परंपरा १९०४ पासूनची. 'तास' हें नांव तिला १९२५ सालीं मिळालें. तिच्या वार्ता इंग्रजींत इंटरनेटवर कोणालाहि वाचतां येतात. दूरचित्रवाणीसाठीं 'आर.टी.' ही वाहिनी २००५ सालीं निघाली. 'स्पुटनिक'नें २०२२ च्या अखेरीस भारतासाठीं हिंदी व इंग्रजी शाखा उघडली. याखेरीज अध्यक्षांच्या कार्यालयाचें, म्हणजे क्रेमलिनचें, स्वतःचें संकेतस्थळ आहे. तेथें अध्यक्षांचीं भाषणें इंग्रजींत विस्तारानें मिळतात. परराष्ट्र खात्याचेंहि तसेंच आहे. पुतिन अमुक बोलले अशी बातमी आपल्या कानीं आली, तर दुसऱ्याच्या सारांशावर न विसंबतां मूळ भाषण काढून पाहण्याची ही सोय फार मोलाची आहे.

सरकारी कागदहि कधींकधीं नकळत बोलून जातात. ऑक्टोबर २०२४ मध्यें रशियाच्या मध्यवर्ती बँकेनें आपला मुख्य व्याजदर शेंकडा २१ वर नेला. तो आंकडा बँकेनें स्वतःच प्रसिद्ध केला होता. सर्व कांहीं सुरळीत आहे असें सरकारी वाहिनी सांगत असली, तरी ज्या देशांत कर्जाचा मूळ दर इतका चढतो तेथील महागाई बेताची नाहीं, हें कळावयास अर्थशास्त्राची पदवी लागत नाहीं. 'कोमेरसांत' व 'वेदोमोस्ती' हीं व्यापारी दैनिकें या दृष्टीनें वाचण्यासारखीं आहेत. तीं मॉस्कोंतच निघतात आणि तेथील कायद्याच्या चौकटींतच लिहितात. पण व्यापाऱ्याला आंकडे खरे लागतात, म्हणून त्यांच्या पानांवर पुष्कळ कांहीं मिळतें.

दुसरा गट आहे तो देशाबाहेर गेलेल्या रशियन पत्रांचा. ४ मार्च २०२२ रोजीं रशियांत कायदा झाला कीं, सैन्यासंबंधीं सरकारच्या मतें खोटी असलेली माहिती पसरविणारास १५ वर्षांपर्यंत कैद होऊं शकेल. त्याच सुमारास 'एखो मॉस्क्वी' हें १९९० पासूनचें नभोवाणी केंद्र बंद झालें. 'दोझ्द' म्हणजे 'पाऊस' या नांवाच्या वाहिनीनें आपलें काम थांबविलें व पुढें तें परदेशांतून सुरू केलें. 'नोवाया गझेता' या पत्राचे संपादक द्मित्री मुरातोव यांना २०२१ चें शांततेचें नोबेल पारितोषिक मिळालें होतें. त्या पत्रालाहि मार्च २०२२ च्या अखेरीस छपाई थांबवावी लागली, आणि त्यांतील कांहीं मंडळींनीं युरोपांतून नवें पत्र काढलें. 'मेदुझा' हें पत्र तर २०१४ पासूनच लाटव्हियांतील रिगा शहरांतून निघतें. त्याची इंग्रजी आवृत्ति आहे. 'मॉस्को टाइम्स' हें १९९२ सालचें इंग्रजी पत्र आतां नेदरलँड्समधून चालतें.

परदेशांत बसून स्वदेशासाठीं लिहिण्याची ही रीत रशियांत जुनीच आहे. झारशाहींत हेर्झेननें १८५७ सालीं 'कोलोकोल', म्हणजे 'घंटा', हें पत्र लंडनमधून काढलें. आणि लेनिनचें 'प्रोलेतारी' जिनिव्हांतून निघे हें आतांच सांगितलें. तेव्हां बाहेरून बोलतो तो रशियन नव्हेच, असें म्हणतां येणार नाहीं. मात्र त्यालाहि स्वतःचा राग असतो, मायभूमीपासून तुटल्याचें दुःख असतें, आणि पैशासाठीं वर्गणीदारांवर व परदेशी साहाय्यावर अवलंबून राहावें लागतें. सरकारी पत्र वाचतांना जी सावधगिरी बाळगावयाची, ती येथेंहि सोडूं नये.

आतां एक विलक्षण गोष्ट पाहा. मार्च २०२२ मध्यें युरोपीय संघानें आर.टी. व स्पुटनिक यांच्यावर बंदी घातली. मे २०२४ मध्यें आणखी रशियन पत्रांवर घातली. उत्तरादाखल जून २०२४ मध्यें रशियानें युरोपांतील ८१ वृत्तसाधनें बंद केलीं. मेदुझाला तर रशियानें जानेवारी २०२३ मध्येंच 'अनिष्ट संस्था' ठरविलें होतें. म्हणजे बर्लिनच्या नागरिकाला आर.टी. सरळ पाहतां येत नाहीं, आणि कझानच्या नागरिकाला मेदुझा सरळ वाचतां येत नाहीं. भारत सरकारनें मात्र या दोहोंपैकीं कोणावरहि अशी सरसकट बंदी घातलेली नाहीं. यवतमाळच्या अथवा पुसदच्या गृहस्थाला हीं दोन्हीं साधनें आपल्या खोलींत बसून, शेजारींशेजारीं ठेवून वाचतां येतात. वादी आणि प्रतिवादी दोघांनाहि ऐकण्याचा हा अधिकार जगांत आज सर्वांना उरलेला नाहीं, आणि आपण तो बहुधा वापरीतच नाहीं. एवढें खरें कीं, यूट्यूबनें मार्च २०२२ पासून व फेसबुकच्या कंपनीनें सप्टेंबर २०२४ पासून रशियन सरकारी वाहिन्यांना जगभर आपलें दार बंद केलें. म्हणून तेथें शोधूं नये, मूळ संकेतस्थळावरच जावें.

वाचतांना कोणत्या खुणा पाहाव्या? पहिली खूण शब्दांची. रशियन सरकारी पत्रें युक्रेनमधील युद्धाला 'विशेष सैनिकी कारवाई' म्हणतात, आणि गांव घेतलें कीं तें 'मुक्त' झालें असें लिहितात. कीव्हचीं पत्रें त्याच गांवाला 'व्याप्त' म्हणतात. बातमींतील असे शब्द बाजूला काढून, उरलेल्या वाक्यांत गांवाचें नांव, तारीख व संख्या काय आहे तेवढेंच आधीं पाहावें. दुसरी खूण शिक्क्याची. रशियन पत्रांत एखाद्या व्यक्तीच्या वा पत्राच्या नांवापुढें 'परदेशी हस्तक' असें लिहिलेलें आढळतें. तें लिहिणें तेथें कायद्यानें बंधनकारक आहे. त्यावरून तो मनुष्य हेर ठरत नाहीं, सरकारची त्याजवर खप्पा मर्जी आहे एवढेंच कळतें. तिसरी खूण वेळेची. मॉस्कोचें घड्याळ आपल्याहून अडीच तास मागें असतें. हा हिशेब न केल्यानें एकच घटना दोन समजल्याचीं उदाहरणें पुष्कळ सांपडतात.

चौथी खूण मौनाची, आणि तिचें मोठें उदाहरण युद्धांत पडलेल्या शिपायांच्या संख्येचें आहे. रशियाच्या संरक्षणमंत्र्यांनीं सप्टेंबर २०२२ मध्यें आपले ५,९३७ सैनिक मेले असें सांगितलें, आणि त्यानंतर हा आंकडा सरकारनें वाढवून सांगितला नाहीं. 'मेदियाझोना' या रशियन पत्रानें बी.बी.सी.च्या रशियन विभागाबरोबर मग दुसरा मार्ग धरला. खेड्यापाड्यांतील छोटीं पत्रें, शाळांच्या व ग्रामसभांच्या शोकवार्ता, दफनभूमींतील नव्या पाट्या यांतून त्यांनीं एकेक नांव पडताळून लिहून काढलें. २०२५ च्या मध्यापर्यंत तीं नांवें एक लाखाहून अधिक झालीं. राजधानीनें जें सांगितलें नाहीं, तें तालुक्याच्या पत्रांच्या कोपऱ्यांत छापलेलें होतें. युक्रेनच्या बाजूचा आंकडा ऐकतांनाहि हीच शंका बाळगावी. लढणारें कोणतेंहि सरकार आपलें नुकसान मोजून दाखवीत नाहीं.

आणि पाश्चात्त्य पत्रें तेवढीं सोंवळीं, असेंहि समजूं नये. इराकपाशीं महासंहारक शस्त्रें आहेत या बातम्या अमेरिकेंतील मोठमोठ्या पत्रांनीं २००३ च्या युद्धापूर्वीं छापल्या, आणि तीं शस्त्रें निघालीं नाहींत. 'न्यूयॉर्क टाइम्स'नें मे २००४ मध्यें आपल्या त्या लिखाणांतील उणीवा स्वतःच्या पानांवर कबूल केल्या. फरक असेल तर तो येथें आहे: चूक झाल्यावर ती छापण्याची मोकळीक त्या पत्राला आहे कीं नाहीं, हें पाहून त्याचें वजन ठरवावें.

आतां ज्यांचीं मुलें तिकडे आहेत त्यांच्यासाठीं थोडें. २१ डिसेंबर २०२४ रोजीं कझान शहरांतील उंच इमारतींवर ड्रोन येऊन आदळले. त्या शहरांत भारतीय विद्यार्थी पुष्कळ आहेत. आगीच्या ज्वाळांचें चित्र तासाभरांत जगभर फिरलें, आणि तें पाहून कोणत्या आईला घास गोड लागेल? पण तातारस्तानच्या प्रांतिक सरकारनें त्याच दिवशीं जाहीर केलें होतें कीं जीवितहानि झालेली नाहीं. विमानतळ कांहीं काळ बंद ठेवण्यांत आला होता. आणि स्वतंत्र पत्रांकडूनहि मृत्यूची वार्ता आली नाहीं. दोन्ही बाजू जेथें जुळतात तेथें बातमी बव्हंशीं खरी धरावी. अशा प्रसंगीं क्रम असा ठेवावा: प्रथम त्या प्रांताच्या सरकारचें निवेदन, मग 'तास', मग बाहेरचें एखादें स्वतंत्र रशियन पत्र, आणि मॉस्को येथील भारतीय वकिलातीची सूचना. मोबाइलवर फिरणारें चित्र सर्वांत शेवटीं.

फोन लागत नाहीं म्हणून अनर्थ कल्पूं नये. ऑगस्ट २०२५ मध्यें रशियाच्या सरकारनें व्हॉट्सअॅप व टेलिग्राम यांवरील बोलण्यावर निर्बंध घातले; शिवाय त्या वर्षीं ड्रोनच्या भीतीनें अनेक प्रांतांत मोबाइलचें इंटरनेट वरचेवर बंद ठेवलें जात होतें. मुलाचा साधा फोन-क्रमांक, वसतिगृहाचा क्रमांक व त्याच्या एखाद्या सोबत्याचा क्रमांक आधींच वहींत लिहून ठेवावा. आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची. मेदुझासारखीं पत्रें आपण येथें खुशाल वाचावीं. पण त्यांतील मजकूर अथवा दुवा रशियांतील मुलाला धाडूं नये. 'अनिष्ट' ठरविलेल्या संस्थेचा मजकूर पुढें पसरविणें हा तेथें गुन्हा ठरूं शकतो, आणि आपण कुतूहलानें पाठविलेली गोष्ट परक्या देशांत त्याला जाचक व्हावयाची.

शेवटीं भाषेविषयीं दोन शब्द. आतां यंत्र क्षणांत भाषांतर करून देतें, आणि रशियन मजकुराचा सामान्य आशय त्यावरून समजतो. पण यंत्राला फसविणारे शब्द असतात. रशियन भाषेंत 'मीर' या एकाच शब्दाचा अर्थ 'जग' असा होतो आणि 'शांतता' असाहि होतो. मथळ्यांत तो आला तर पुढील वाक्य वाचल्याखेरीज अर्थ पक्का करूं नये. ज्याला हौस असेल त्यानें लिपीच शिकावी. अक्षरें अवघीं ३३ आहेत. रोज पांच गिरविलीं तर आठवड्यांत हातीं येतात. पुढची वाट आपल्याला अगदींच परकी नाहीं. भ्रात्याला ते 'ब्रात' म्हणतात, द्वाराला 'द्वेर', आणि दोन-तीन मोजतांना 'द्वा', 'त्री' म्हणतात. मुंबईच्या व पुण्याच्या विद्यापीठांत या भाषेचे वर्ग चालतात, आणि मुंबईच्या पेडर रोडवरील रशियन सांस्कृतिक केंद्रांतहि ती शिकवितात.

'ऐकावें जनाचें, करावें मनाचें' ही म्हण आपण नित्य वापरतों. पण तिचा उत्तरार्ध आपल्याला जितका प्रिय आहे, तितका पूर्वार्ध नाहीं. रशियाचें म्हणणें ऐकणें म्हणजे तें मान्य करणें नव्हे. युक्रेनमध्यें घरें कोसळलीं आहेत, माणसें मेलीं आहेत, आणि त्याचा निवाडा करतांना कोणाचेंहि वक्तृत्व आड येऊं देऊं नये. परंतु निवाडा करणारानें कान एका बाजूला बांधून ठेवला, तर त्याचा निर्णय योग्य असूनहि तो ऐकून ठरविलेला निर्णय होत नाहीं. आठवड्यांतून एक दिवस, एकच घटना घेऊन, ती 'तास'मध्यें व मेदुझामध्यें अशी दोन ठिकाणीं वाचावी. घरांतील शिकत्या मुलांनाहि जवळ बसवावें आणि दोहोंत काय जुळतें, काय गळतें, तें त्यांच्याकडून वहींत लिहवून घ्यावें. यास अर्धा तास पुरतो, आणि पैसा मुळींच लागत नाहीं. एवढी विनंति करून मी आपली रजा घेतों.